विचारा बिनधास्त : खोलीतले पडसाद आणि एकट्या आकड्याची लबाडी

मागच्या अंकात यूडब्ल्यूबी, म्हणजे अल्ट्रा-वाइडबँड रेडिओवर दीड पान लिहिलं होतं. थोडक्यात इतकंच, की हा रेडिओ एका फ्रिक्वेन्सीवर बसून राहत नाही, निदान ५०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा घेतो, एक-दोन नॅनोसेकंदांचे बारीक पल्स सोडतो आणि पल्स पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. अमेरिकेच्या एफसीसीनं, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकानं, फेब्रुवारी २००२ मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झचा पट्टा यासाठी मोकळा केला आणि २०१९ च्या आयफोन ११ पासून हे प्रकरण लोकांच्या खिशात आलं. मला वाटलेलं हे कोण वाचणार, पण मेल आले आणि चांगलेच आले, बहुतेक सगळे एकाच गोष्टीभोवती फिरणारे, की घराच्या आत या सिग्नलचं जे काही भजं होतं ते आकड्यांत मांडायचं कसं. निवडक घेतलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

डोंबिवली : ताई, किल्ल्यांना ट्रॅकर टॅग लावलाय. हॉलमध्ये फोन अंतर अगदी बरोबर दाखवतो, पण किल्ल्या किचनमध्ये राहिल्या की कधी ५ मीटर, कधी ७ मीटर, आणि मी जागचा हललेलोही नसतो. टॅग खराब निघाला का?

टॅग बदलू नका, टॅग ठीक आहे. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जाते, एवढं एक डोक्यात ठेवा म्हणजे बाकीचं आपोआप सुटत जातं. हॉलमध्ये टॅग आणि फोन एकमेकांना दिसतात, सरळ येणारा पल्स सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात पोचतो, फोन तोच पकडतो, विषय संपला. किचनमध्ये सरळ वाटेत भिंत, फ्रिज, स्टीलच्या डब्यांची मांडणी, त्यामुळे सरळ आलेला पल्स पार मरगळलेला असतो आणि बेडरूमच्या लोखंडी कपाटावर आपटून लांबून आलेला त्याच्यापेक्षा दणदणीत. फोननं खरं तर तो मरगळलेला पहिला पकडायला हवा. कधी पकडतो, कधी हुकतो. २ मीटरचा फरक म्हणजे जेमतेम ७ नॅनोसेकंदांची चूक आहे हो, आणि तुम्ही हलला नसाल पण घरातलं कुणीतरी गेलं-आलं असेल, फ्रिजचं दार उघडलं असेल, तेवढ्यानंही निकाल फिरतो.

आणि पहिला पल्स बरोबर पकडला तरी थोडं जास्त दाखवणारच. विटांच्या भिंतीत लहरीचा वेग जवळपास निम्मा होतो, म्हणजे नऊ इंची भिंत असेल तर आतल्या आत २०-२२ सेंटीमीटर जास्तीचे धरले जातात. फोन हातात धरून एकदा जागच्या जागी गोल फिरून बघा. आपलं शरीर म्हणजे पाण्याची टाकीच, ते मध्ये आलं की सरळ वाट आणखी दबते.

पुणे, एमई इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी : मॅडम, एकाच खोलीचं एकच मोजमाप, मी आरएमएस डिले स्प्रेड काढला तो १९ नॅनोसेकंद आला, प्रोजेक्ट पार्टनरचा ८ आला. फॉर्म्युला दोघांचा सेम. सरांनी दोघांनाही परत पाठवलं. नक्की कोण बरोबर?

अगं दोघंही बरोबर असू शकता आणि दोघंही चुकीचे असू शकता, कारण तू मला दोन आकडे दिलेस आणि त्यांच्यामागचा थ्रेशोल्ड, म्हणजे कुठल्या पातळीखालचं कापून टाकलं ते, दिलाच नाहीस. हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, तेव्हा इथे जरा ऐसपैस बसू.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. एक पल्स सोडला की तो खोलीत इकडेतिकडे आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतो, प्रत्येक वाटेचा आपला उशीर आणि आपली पॉवर. उशीर आडव्या अक्षावर, पॉवर उभ्या अक्षावर काढली की होतो पॉवर डिले प्रोफाइल. त्यातून दोन आकडे काढायची पद्धत आहे. पहिला सरासरी जादा उशीर, म्हणजे प्रत्येक उशिराला त्याच्या पॉवरनं गुणा, बेरीज करा, एकूण पॉवरनं भागा. दुसरा आरएमएस डिले स्प्रेड, म्हणजे उशिरांचं प्रमाण विचलन, फक्त वजन पॉवरचं. बारावीच्या स्टॅटमध्ये वारंवारतेचा रकाना असायचा ना, तिथे पॉवर लिहायची, बाकी सगळं तेच.

आता कागद घे. चारच वाटा धरू. पहिली ० नॅनोसेकंदला, पॉवर १. दुसरी ५ ला, पॉवर ०.५. तिसरी १२ ला, ०.२. चौथी लांबून कुठूनतरी फिरून आलेली, ३० ला, ०.०५. एकूण पॉवर १.७५, सरासरी उशीर ३.६६ आणि आरएमएस डिले स्प्रेड बरोबर ६ नॅनोसेकंद येतो.

आता समज तुझ्या पार्टनरनं थ्रेशोल्ड १० डीबीवर लावलाय (डीबी हे पटीचं माप, १० डीबी खाली म्हणजे पॉवर एक दशांश), म्हणजे सगळ्यात जोरदार वाटेपेक्षा १० डीबीनं खाली जे असेल ते कापून टाकायचं. चौथी वाट १३ डीबी खाली आहे, गेली. उरलेल्या तिघांचा आरएमएस काढ : ४ नॅनोसेकंद. त्या चौथ्या वाटेत एकूण ऊर्जेचे ३ टक्केसुद्धा नव्हते, पण ती गेली आणि आकडा एक तृतीयांशानं उतरला! का, तर सूत्रात उशिराचा वर्ग आहे, लांबची वाट कितीही किरकोळ असली तरी ३० चा वर्ग ९०० होतो आणि ती भाव खाऊन जाते.

आता उलटं बघ. समज तू काहीच कापलं नाहीस आणि २०० नॅनोसेकंदांपर्यंतचं सगळं घेतलंस, दर नॅनोसेकंदाला नॉइजचा एक सँपल, पहिल्या वाटेपेक्षा तब्बल ४० डीबी खाली, म्हणजे ०.०००१. ग्राफवर तो दिसणारही नाही, तळाशी गवत असल्यासारखा. त्या सगळ्या गवताची मिळून पॉवर ०.०२. आरएमएस परत काढ. १३.३ नॅनोसेकंद. खोली तीच, वाटा त्याच, आणि आकडे तीन : ४, ६ आणि १३. तुझे १९ आणि त्याचे ८ कुठून आले असतील हे आता तुझं तुलाच कळलं असेल, माझा अंदाज तू गवत कापलं नाहीस.

म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं "आरएमएस डिले स्प्रेड इतका" असं कधी लिहू नकोस. नॉइज फ्लोअर किती होता (पहिला पल्स यायच्या आधीचा जो रिकामा भाग असतो त्यावरून काढ), त्याच्यावर किती डीबी सोडून कापलं, शिखरापासून किती डीबी खालपर्यंत घेतलं, बँडविड्थ किती, विंडो कोणती, हे सगळं त्याच वाक्यात यायला हवं. शिखरापासून २० किंवा ३० डीबी असे आकडे लोक वापरतात. त्यातला कुठलाही घे, पण नॉइज त्याच्या खाली आहे ना ते आधी बघ आणि सगळ्या ठिकाणांना तोच ठेव, नाहीतर जवळच्या जागेला ३० डीबी मिळतात, लांबच्या जागेला नॉइजमुळे १५ च मिळतात, आणि मग लांब गेलं की डिले स्प्रेड कमी होतो असा भलताच शोध लागतो. हसू नको, असे शोध मी व्हायव्हामध्ये ऐकलेत.

आणखी एक, तुमच्या लॅबमध्ये व्हीएनएनं, म्हणजे एकेक फ्रिक्वेन्सी सोडून मोजणाऱ्या व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझरनं, मोजलं असेल तर स्टेप, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर, बघून घे. ३.१ ते १०.६ म्हणजे साडेसात गिगाहर्ट्झ, १६०१ पॉइंट घेतले तर स्टेप होते जवळपास ४.७ मेगाहर्ट्झ, आणि त्याचा उलटा २१३ नॅनोसेकंद, म्हणजे ६४ मीटर. त्याहून लांबून आलेला पडसाद गुंडाळला जाऊन प्रोफाइलच्या सुरुवातीला येऊन बसतो. खोलीत चालून जातं, लांबलचक कॉरिडॉरमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये चालत नाही.

माझी स्वतःची फजिती सांगते. एमटेकला असताना दिवसा लॅबमध्ये पोरांची ये-जा, म्हणून मी आणि एक मैत्रीण रात्रभर बसून एकेका पॉइंटला मोजत होतो, मे महिना, वर पंखा. सकाळी डेटा उघडला तर प्रत्येक पॉइंटचे स्वीप एकावर एक बसेनात, उशिरा येणाऱ्या वाटा नुसत्या फासल्यासारख्या. व्हीएनए एक-एक फ्रिक्वेन्सी करत पुढे जातो, तेवढ्या वेळात खोली गोठलेली असली पाहिजे, आणि आमच्या डोक्यावर तीन धातूची पाती गरगरत होती. अख्खी रात्र गेली. दुसऱ्या रात्री पंखा बंद, घामाच्या धारा, पण प्रोफाइल कसं काचेसारखं.

सातारा : घरात लहान नातू आहे. या यूडब्ल्यूबीची पॉवर किती असते, काळजीचं कारण आहे का?

एफसीसीची मर्यादा दर मेगाहर्ट्झला उणे ४१.३ डीबीएम. अख्खा साडेसात गिगाहर्ट्झचा पट्टा भरून वापरला तरी सरासरी पॉवर अर्ध्या मिलिवॉटच्या किंचित वर जाते, आणि तुमच्या फोनमधला रेडिओ एका वेळी त्यातला लहानसा तुकडाच वापरतो. घरातला वाय-फाय राउटर १०० मिलिवॉटच्या घरात असतो. नातवाला किल्ल्या तोंडात घालू देऊ नका, टॅगमधला बटण सेल गिळला तर तो खरा धोका.

नागपूर, एमटेक : मोबाईलच्या पुस्तकात फेडिंग म्हणजे रेले असं शिकलो. यूडब्ल्यूबीच्या पेपरांत कुणी लॉगनॉर्मल म्हणतं, कुणी नाकागामी. माझ्या डेटावर के-एस टेस्ट केली तर तिन्ही पास होतायत. आता काय करू?

नवख्यांसाठी : फेडिंग म्हणजे सिग्नलची ताकद जागेजागेला कमी-जास्त होणं, रेले, लॉगनॉर्मल आणि नाकागामी ही ते चढउतार मांडायची वितरणं, आणि के-एस म्हणजे वितरण डेटाला बसतं का ते तपासणारी चाचणी. आता रेले येतो कुठून ते आधी बघा. एकाच खान्यात, म्हणजे रेडिओला वेगळा ओळखता येईल एवढ्या वेळाच्या तुकड्यात, पुष्कळ वाटा येऊन पडतात, कुणाचा फेज इकडे कुणाचा तिकडे, त्यांची बेरीज झाली की मध्यवर्ती सीमा प्रमेय लागू होतं आणि अँप्लिट्यूड रेले निघतो. २० मेगाहर्ट्झच्या वाय-फायचा एक खाना ५० नॅनोसेकंदांचा, म्हणजे १५ मीटर, आपला अख्खा टू-बीएचके त्या एका खान्यात मावतो. साडेसात गिगाहर्ट्झच्या यूडब्ल्यूबीचा खाना ०.१३ नॅनोसेकंद, म्हणजे ४ सेंटीमीटर. त्यात येऊन येऊन एक नाहीतर दोन वाटा येणार, बेरजेला गर्दीच नाही तर प्रमेय कुणाला लावणार.

म्हणून प्रत्येकानं आपल्या डेटाला बसेल ते घेतलं. विन आणि शोल्ट्झ यांनी एका ऑफिस इमारतीतल्या १४ खोल्यांत, प्रत्येक ठिकाणी ७ गुणिले ७ असे ४९ पॉइंट, सहा-सहा इंचांवर, अशी मोजमापं घेतली. त्याच डेटावर पुढे कासिओली, विन आणि मोलिश यांनी २००२ मध्ये जे मॉडेल बसवलं त्यात खान्यातल्या ऊर्जेला गॅमा वितरण निघालं, म्हणजेच अँप्लिट्यूडला नाकागामी. आयईईई या संस्थेच्या ८०२.१५.३ए मानकासाठी बनवलेल्या चॅनल मॉडेलनं लॉगनॉर्मल घेतलं. नंतरच्या ८०२.१५.४ए नं नाकागामी घेतलं आणि त्याचा आकार ठरवणारा एम हा आकडाच मुळी लॉगनॉर्मल रँडम धरला. तेव्हा एकच खरं उत्तर शोधत बसू नका.

आता तिन्ही पास होण्याबद्दल. यात दोन घोळ असतात आणि बहुधा तुमच्याकडे दोन्ही आहेत. पहिला, तुम्ही पॅरामीटर त्याच डेटातून काढले आणि त्याच डेटावर के-एस लावली, मग पुस्तकातल्या तक्त्याची मर्यादा लागू होत नाही, ती जरुरीपेक्षा फारच उदार पडते, परीक्षार्थ्यानंच पेपर काढल्यासारखं. सिम्युलेशन करून आपली मर्यादा आपण काढायची. दुसरा घोळ, तुम्हीही असे ४९ पॉइंट घेतले म्हणजे ४९ स्वतंत्र नमुने झाले असं नव्हे. ६ गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी अडीच सेंटीमीटर, पॉइंट त्याहून जवळ असतील तर शेजारी-शेजारी एकच गोष्ट सांगतात. आणि शेवटी के-एस फक्त "बसत नाही" एवढंच सांगू शकते, तिघांत कोण बरं ते तिला विचारायचंच नाही. त्यासाठी मॉडेलांची आपसांत तुलना करणारा आकाइके निकष लावा, तिन्ही उमेदवार एका रांगेत येतात. तरीही दोघं जवळजवळ आले तर शेपटीकडे बघा, म्हणजे सगळ्यात खोल फेड. लिंक तुटते ती तिथे, मधल्या फुगवट्यात तिघंही सारखेच दिसतात.

जाता जाता, प्रोफाइलची सरासरी काढताना पॉवरची सरासरी घ्या, डीबीची नको. शॅडोइंगचं, म्हणजे भिंती-सामान आड आल्यानं पॉवर सरासरीच्या वर-खाली होते त्याचं, उलट, ते डीबीतच नॉर्मल धरतात. ही गल्लत इतकी होते की विचारू नका.

कोल्हापूर : पाथ लॉस एक्स्पोनंट माझा १.७ आला. मोकळ्या आकाशात २ असतो, मग घरात त्याहून कमी कसा? गाईड म्हणतात मोजताना चुकलं.

गाईडना मानानं सांगा की चुकलंच असेल असं नाही. एक्स्पोनंट म्हणजे अंतर वाढलं की पॉवर किती झपाट्यानं पडते त्याचा घातांक. मोकळ्या जागेत लहर चहूकडे पसरून जाते, खोलीत किंवा पॅसेजमध्ये भिंती तिला परत आत ढकलतात, सगळ्या वाटांची ऊर्जा एकत्र धरली तर ती २ पेक्षा हळू पडते. ८०२.१५.४ए मध्ये घरातल्या समोरासमोरच्या जागांसाठी १.७९ आहे, ऑफिससाठी १.६३. आड आलं की मात्र खेळ बदलतो, घरात ४.५८. म्हणजे ४ मीटरवरून ८ मीटरवर गेलात तर समोरासमोर ५.४ डीबी जातात आणि आडून जवळजवळ १४.

एटी अँड टीच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या २३ घरांत मोजलं होतं, समोरासमोर साधारण १.७ आणि आडून ३.५, आणि मला त्यांची जी गोष्ट पटली ती ही, की त्यांनी एक्स्पोनंटलाच रँडम धरलं, प्रत्येक घराचा वेगळा, आणि त्या सगळ्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन दिलं. घर तशी पाथ लॉसची चाल. आपल्याकडच्या सिमेंट-सळईच्या घरांना त्यांच्या लाकडी-जिप्समच्या भिंतींचे आकडे जसेच्या तसे लावणं मला कधीच पटलेलं नाही.

पण तुमचं चुकलंय का ते तपासा एकदा, कारण चुकायला जागा आहेत. ३ ते ६ मीटरमध्येच दहा-बारा पॉइंट घेतले असतील तर लॉग अक्षावर ते एवढ्याशा जागेत येतात, रेघ कशीही हलते, १.७ च्या ऐवजी २.३ आला असता तरी नवल नव्हतं. रेघ १ मीटरच्या मोजलेल्या पॉइंटमधून सक्तीनं नेली की मोकळी सोडली ते लिहा. आणि अँटेना. अँटेनाचा गेन सगळ्या पट्ट्यात सारखा धरला तर ३.१ पासून १०.६ पर्यंत जाताना निव्वळ फ्रिक्वेन्सीमुळे १०.७ डीबीचा फरक पडतो, तो खोलीच्या नावावर टाकू नका.

बेंगळुरू : मी मूळचा नगरचा, इथे चिप टीममध्ये आहे. सीनियर सारखे सालेह-व्हालेन्झुएला, सीएम१, सीएम३ असं बोलतात आणि मी मान हलवतो. एकदा सोपं करून सांगा.

दादरचा ब्रिज डोळ्यांसमोर आणा. लोकल आली की माणसांचा लोंढा, मग तुरळक, मग पुढची लोकल, परत लोंढा. खोलीतल्या वाटाही अशा लोंढ्यांनी येतात, त्या लोंढ्याला क्लस्टर म्हणतात, आतल्या एकेका वाटेला रे. एक लोंढा थेट, दुसरा समोरच्या भिंतीकडून, तिसरा पॅसेजमधून वळून. एकूण चार आकडे : लोंढे किती वेळानं येतात, लोंढ्याच्या आत वाटा किती वेळानं येतात, पुढचा-पुढचा लोंढा किती झपाट्यानं अशक्त होत जातो आणि एका लोंढ्याच्या आत वाटा किती झपाट्यानं अशक्त होतात. येण्याच्या वेळा पॉइसाँ प्रक्रियेनं, अशक्त होणं एक्स्पोनेन्शियल. झालं मॉडेल.

सालेह आणि व्हालेन्झुएला यांनी हे १९८७ मध्ये मांडलं, न्यू जर्सीतल्या बेल लॅब्सच्या इमारतीत दीड गिगाहर्ट्झला १० नॅनोसेकंदांचे पल्स सोडून. त्यांना लोंढ्यांमधलं अंतर साधारण ३०० नॅनोसेकंद मिळालं, वाटांमधलं ५, आणि अशक्त होण्याचा वेळ लोंढ्यांचा ६०, वाटांचा २०. यूडब्ल्यूबीवाल्यांनी सांगाडा तोच ठेवला, आकडे बदलले. ८०२.१५.४ए मध्ये घरात समोरासमोर लोंढे सरासरी २१ नॅनोसेकंदांवर येतात. मला विचाराल तर यात बरीच गंमत अशी आहे की लोंढा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे पुष्कळदा माणूस डोळ्यांनीच ठरवतो, आणि दोन माणसं एकच ग्राफ बघून तीन आणि पाच असे वेगळे लोंढे मोजतात. त्यावर ऑटोमॅटिक पद्धती आहेत, त्यांतही कुणीतरी कुठेतरी थ्रेशोल्ड ठरवलेला असतोच.

आता सीएम, म्हणजे चॅनल मॉडेल. इथे कान देऊन ऐका, कारण दोन वेगळ्या यादींची नावं सारखी आहेत आणि मीटिंगमध्ये यावरून वाद होतात. ८०२.१५.३ए मध्ये सीएम१ म्हणजे समोरासमोर ४ मीटरपर्यंत, सीएम२ तेवढंच पण आडून, सीएम३ आडून ४ ते १० मीटर, सीएम४ म्हणजे आडून आणि अगदी टोकाचं, २५ नॅनोसेकंदांचा डिले स्प्रेड बसेल असं बनवलेलं. आरएमएस डिले स्प्रेड अनुक्रमे ५.२८, ८.०३, १४.२८ आणि २५. ३ए चा टास्क ग्रुप, म्हणजे मानक लिहिणारी समिती, भांडणात जानेवारी २००६ ला गुंडाळला गेला, मॉडेल मात्र पेपरांतून अजून जिवंत आहे. ८०२.१५.४ए मध्ये सीएम१-२ घर, ३-४ ऑफिस, ५-६ बाहेर, ८ म्हणजे कारखाना आडून. तिथला सीएम३ म्हणजे ऑफिसात समोरासमोर, जुन्या सीएम३ शी काही नातं नाही. पुढच्या वेळी मान हलवायच्या आधी विचारा, "थ्री-ए चा की फोर-ए चा?" सीनियर जरा थबकतील.

आरएमएसबरोबर ते आणखी दोन मोजण्या देतात : शिखरापासून १० डीबीच्या आत वाटा किती, आणि ८५ टक्के ऊर्जा गोळा करायला किती वाटा लागतात. वर पुण्याच्या मुलीसाठी घेतलेल्या चार वाटांत पहिलीचं उत्तर ३, दुसरीचं २. खऱ्या घरात ३ए च्या सीएम१ ला ८५ टक्क्यांसाठी २४ लागतात, सीएम३ ला ६१ च्या वर. चिपमधल्या रेक रिसीव्हरला, म्हणजे वेगवेगळ्या वाटांची ऊर्जा एकेका बोटानं पकडून एकत्र करणाऱ्या भागाला, किती बोटं द्यायची ते यावरून ठरतं, म्हणजे तुमच्या टीमला आरएमएसपेक्षा हा आकडा जास्त कामाचा.

नाशिक, कारखान्यातले इंजिनियर : फोर्कलिफ्टना यूडब्ल्यूबी टॅग लावायचेत. आडोसा आहे की नाही हे सिग्नलवरूनच कळलं तर चुकीची रीडिंग टाकून देता येतील. कुठला इंडिकेटर बघू?

तीन बघा, एकावर विसंबू नका. पहिला कर्टोसिस, म्हणजे पल्सच्या प्रोफाइलचा टोकदारपणा. समोरासमोर असेल तर एक सुळका आणि बाकी सपाट, कर्टोसिस मोठा. आडून असेल तर ऊर्जा पसरलेली, कर्टोसिस लहान. दुसरा सरासरी उशीर, तिसरा आरएमएस, दोन्ही आडोशात वाढतात. तिन्हींची समोरासमोरची आणि आडोशाची वितरणं आधी आपल्याच शेडमध्ये मोजून ठेवायची आणि नवीन रीडिंग कुठल्या बाजूला जास्त संभवतं ते बघायचं.

डीडब्ल्यू१००० सारखा तयार यूडब्ल्यूबी चिप असेल तर आणखी सोपी सोय त्याच्या मॅन्युअलमध्येच दिली आहे : एकूण पॉवर आणि पहिल्या वाटेची पॉवर यांतला फरक ६ डीबीपेक्षा कमी तर बहुधा समोरासमोर, १० च्या वर तर बहुधा आडोसा. मधल्या ४ डीबीत तुम्ही आणि तुमचं नशीब.

पण कारखाना म्हणजे सगळीकडे पत्रा आणि लोखंड, तिथे समोरासमोर असतानाही पडसादांचा ढीग इतका असतो की कर्टोसिस घसरतो आणि चांगली रीडिंगही बाद होतात. आडोशात तर पॉवर पहिल्या क्षणी शिखरावर नसतेच, हळूहळू चढते आणि मग उतरते, ४ए च्या मॉडेलमध्ये आडून ऑफिस आणि आडून कारखाना या दोघांसाठी प्रोफाइलचा आकारच वेगळा घेतलाय तो याचसाठी. त्यामुळे पेपरातल्या ऑफिसच्या मर्यादा उचलून शेडमध्ये लावू नका. आणि रीडिंग सरळ टाकूनही देऊ नका, वजन कमी करा, कारण रॅकच्या गल्लीत शिरलेल्या फोर्कलिफ्टला आडोशाची सोडून दुसरी रीडिंग मिळतच नाहीत, टाकली की गाडी नकाशावरून गायब.

रत्नागिरी, डिप्लोमा : आमच्याकडे व्हीएनए नाही. मोजताच येणार नाही का?

येईल की. ज्या चिपचं आत्ता नाव घेतलं त्याची मॉड्यूल विकत मिळतात, आणि तो चिप प्रत्येक पॅकेटनंतर खोलीचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एका पल्सला खोलीनं दिलेले सगळे पडसाद, आतल्या मेमरीत ठेवतो, जास्तीत जास्त १०१६ सँपल, साधारण नॅनोसेकंदाला एक. ते वाचून काढायचं आणि वरचं गणित स्प्रेडशीटमध्ये करायचं. फक्त एक भान ठेवा, ही बँडविड्थ साधारण ५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ६० सेंटीमीटरच्या आतल्या दोन वाटा एकच दिसणार, त्यामुळे वाटांची संख्या तुमची कमी येईल आणि ती साडेसात गिगाहर्ट्झवाल्यांच्या संख्येशी तुलना करायची नाही. आरएमएसला याचा फटका कमी बसतो. एकेका जागेला शंभरेक पॅकेट घ्या, जागा जमिनीवर खडूनं आखा, मॉड्यूल हातात न धरता लाकडी स्टुलावर ठेवा, दोघांचे अँटेना एकाच दिशेला उभे ठेवा, आणि डेटा फाइलच्या पहिल्या ओळीत थ्रेशोल्ड लिहा.